खोलीचा हिशेब

दोन्ही डोळ्यांनी मिळून जगाची जी खोली, म्हणजे वस्तूंचा पुढे-मागेपणा, दिसते ती मला दिसत नाही, असं कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मग तू जिना कसा उतरतेस?" उतरते की. व्यवस्थित उतरते. रस्ता ओलांडते, सुईत दोरा ओवते, पेल्यात पाणी ओतते आणि ते पेल्यातच पडतं. दुसरा प्रश्न जरा अवघड असतो. "म्हणजे तुला सगळं चित्रासारखं सपाट दिसतं का?" यावर पूर्वी मी ठामपणे 'नाही' म्हणायचे, हल्ली 'काय माहीत' म्हणते. सपाट म्हणजे कशाच्या तुलनेत सपाट? ज्याने दुसरं काही पाहिलेलंच नाही त्याने हे सांगायचं तरी कसं?

माझा उजवा डोळा लहानपणी आत वळलेला होता. चष्मा, चांगल्या डोळ्यावर पट्टी, मग शस्त्रक्रिया, असं सगळं रीतसर झालं आणि डोळे सरळ झाले. फोटोत आता कुणाला काही कळत नाही. कुठलाही एक डोळा झाकला तरी दुसऱ्याने वाचता येतं. पण दोघांचं एकत्र काम कधी सुरूच झालं नाही. हे तपासायला डॉक्टरांकडे एका मोठ्या, केसाळ माशीचं चित्र असतं. विशिष्ट चष्मा लावून ते बघायचं. चष्म्यामुळे डाव्या डोळ्याला एक चित्र जातं आणि उजव्याला किंचित वेगळं. ज्यांचे डोळे जोडीने काम करतात त्यांना माशीचे पंख कागदावरून वर उचललेले दिसतात. "पंख चिमटीत धरा बघू," असं सांगितलं की ही माणसं कागदाच्या बरीच वर, हवेत चिमूट धरतात. काही लहान मुलं तर हातच मागे घेतात म्हणे. माझी चिमूट सरळ कागदावर टेकते. डॉक्टर मान डोलावून कागदावर काहीतरी लिहितात आणि पुढच्या चित्राकडे वळतात.

तर इतरांना फुकट मिळालेली ही गोष्ट नेमकी आहे तरी काय, याचा शोध मी बाहेरून घेत आले आहे, न चाखलेल्या पदार्थाची कृती वाचावी तसा. आणि वाचता वाचता माझं एक मत बनलं आहे. खोली ही डोळ्यांना दिसत नाही. दोन छब्यांमधल्या तफावतीवरून मेंदू ती काढतो. त्या दोन छब्या दोन डोळ्यांकडून एकाच क्षणी आल्या काय किंवा एकाच डोळ्याकडून दोन वेगळ्या क्षणी आल्या काय, हिशेबाची जात तीच, फक्त वह्या दोन. तुमचा मेंदू बहुतेक पहिल्या वहीतून वाचतो. माझा दुसऱ्या.

पहिली वही तपासायला काहीच साधन लागत नाही. हात पुढे लांब करून अंगठा उभा धरायचा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटायचा. मागच्या दृश्यावर अंगठा इकडून तिकडे उडी मारतो. हे मलाही दिसतं, कारण यात एका वेळी एकच डोळा कामाला असतो. हाताची लांबी दोन डोळ्यांमधल्या अंतराच्या साधारण दहापट असते. त्यामुळे लांबच्या एखाद्या इमारतीवर अंगठ्याने किती मीटरची उडी मारली याचा अंदाज घेऊन त्याला दहाने गुणलं, की ती इमारत किती लांब आहे ते ढोबळमानाने कळतं. प्रौढ माणसाच्या दोन बाहुल्यांमध्ये सरासरी ६.३ सेंटिमीटर अंतर असतं. अख्ख्या त्रिमितीय जगाचा डोलारा या एवढ्याशा पायावर उभा आहे.

पाया लहान असला तरी मोजमाप भलतंच बारीक आहे. एका अंशाचे ३६०० भाग केले की त्यातला एक म्हणजे एक विकला. तरबेज नजरेला दोन छब्यांमधली १० विकलांची तफावतही पुरते. दृष्टिपटलाच्या मध्यभागी शेजारशेजारच्या दोन शंकुपेशींमध्येच (प्रकाश टिपणाऱ्या पेशींमध्ये) साधारण ३० विकलांचं अंतर असतं. म्हणजे ज्या पट्टीने मोजायचं तिच्या सर्वांत लहान खुणेहूनही बारीक फरक मेंदू हुडकतो. कारण तो एका पेशीवर विसंबत नाही, पुष्कळ पेशींचं ऐकून त्यांचा मेळ घालतो. १० विकला म्हणजे एक मीटरवर एका मिलिमीटरपेक्षाही कमी खोली. मात्र अंतर दहापट झालं की ही अचूकता शंभरपट घसरते. दहा मीटरवर सुमारे आठ सेंटिमीटर, शंभर मीटरवर सुमारे आठ मीटर. डोंगरांची रांग बघताना तुम्ही आणि मी जवळपास एकाच पायरीवर असतो. तुमची खरी श्रीमंती हाताच्या अंतरावर असते. सुई, किल्ली, फांदीला लागलेलं फळ आणि त्याच्यापुढे आलेली डहाळी.

दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दिसतात हे लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. लिओनार्दो दा विंची तर यावरून हिरमुसलाच होता. चित्र कितीही हुबेहूब काढलं तरी ते खऱ्या वस्तूसारखं उठून दिसणार नाही, कारण खऱ्या वस्तूच्या मागचं थोडं थोडं प्रत्येक डोळा वेगळं बघतो, हे त्याने लिहून ठेवलं आहे. पण ही तफावत म्हणजे दोष किंवा अडचण नसून खोलीचं कारणच तिच्यात आहे, हे दाखवून द्यायला १८३८ साल उजाडावं लागलं. दाखवलं चार्ल्स व्हीटस्टोनने. भौतिकशास्त्राच्या प्रयोगवहीत ज्याच्या नावाचा ब्रिज सगळ्यांनी काढलेला असतो, तोच हा. (तो ब्रिज मुळात सॅम्युअल ख्रिस्तीचा, व्हीटस्टोनने तो लोकांपुढे आणला आणि नाव याचं पडलं. ज्या उपकरणावर त्याचा हक्क पक्का आहे, ते मात्र त्याच्या नावाने फारसं कुणी ओळखत नाही.) त्याने दोन आरसे काटकोनात ठेवले, दोन बाजूंना दोन रेखाचित्रं लावली, आणि प्रत्येक डोळ्याला आपापल्या आरशातून एकेकच चित्र दिसेल अशी सोय केली. हाच स्टिरिओस्कोप. चित्रं मुद्दामच नुसत्या रेघांची होती. छटा नाहीत, सावल्या नाहीत, खोली सुचवणारं दुसरं काहीही नाही. तरीही रेघा कागद सोडून हवेत उभ्या राहिल्या. छायाचित्रणाची जाहीर घोषणा व्हायला अजून एक वर्ष बाकी होतं. पुढे फोटो आले, डेव्हिड ब्रूस्टरने भिंगांचा सुटसुटीत स्टिरिओस्कोप केला, १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात तो व्हिक्टोरिया राणीला आवडला आणि घरोघरी त्याचं वेड पसरलं. थ्रीडी सिनेमाचे चष्मे त्याच वंशातले. मी थ्रीडी सिनेमाला गेले तर जादा पैसे मोजून मला एक साधा, जरा काळपट सिनेमा बघायला मिळतो.

व्हीटस्टोननंतरही एक शंका उरतेच. मेंदू आधी प्रत्येक डोळ्याच्या चित्रात 'ही खुर्ची, हा पेला' असं ओळखतो आणि मग दोन खुर्च्या, दोन पेले जुळवतो का? वरवर पाहता असंच वाटतं. बेला युलेश हा हंगेरीतून अमेरिकेत आलेला अभियंता. त्याने १९६० च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये संगणकाकडून काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचे दोन चौकोन काढून घेतले. ठिपके कसेही विखुरलेले. दोन्ही चौकोन सारखेच, फक्त एकातला मधला तुकडा किंचित बाजूला सरकवलेला. कुठलाही एक चौकोन एकट्याने बघा, नुसता कचरा. ना कड, ना आकार, ना तुकडा. पण एक चौकोन एका डोळ्याला आणि दुसरा दुसऱ्याला दाखवला की मधला तुकडा अलगद वर येऊन तरंगतो. कुठल्याही एका डोळ्यापुढे जी वस्तू नाहीच, ती दोघांच्या मधोमध अवतरते. म्हणजे ओळखणं नंतर, जुळवणं आधी. हजारो सारख्याच ठिपक्यांमधून याचा जोडीदार कोण आणि त्याचा कोण हे मेंदू कसं ठरवतो, या प्रश्नावर पुढे गणितज्ञांच्याही झोपा उडाल्या. मला तर ही सगळी हकिगत ऐकीवच ठेवावी लागते. तो तुकडा मी कधी पाहिलेला नाही.

ही जुळवाजुळव डोळ्यात होत नाही. प्रत्येक डोळ्यातून सुमारे दहा लाख तंतू मेंदूकडे निघतात आणि वाटेत एका चौकात भेटतात. तिथे साधारण निम्मे तंतू बाजू बदलतात. परिणाम असा की दोन्ही डोळ्यांना दिसणारा जगाचा डावा भाग उजव्या मेंदूकडे जातो आणि उजवा भाग डाव्या मेंदूकडे. न्यूटनने १७०४ मध्येच असा अंदाज बांधला होता. पण शेजारी आले म्हणून तंतू लगेच एकत्र होत नाहीत. पुढच्या थांब्यावर सहा थर आहेत आणि प्रत्येक थर एकाच डोळ्याचा. डाव्याचे थर वेगळे, उजव्याचे वेगळे, जणू सोवळंच. पहिली खरी भेट होते ती मेंदूच्या मागच्या बाजूला, दृष्टीच्या बाह्यकात, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या दृष्टीच्या भागात. तिथे अशा पेशी आहेत ज्यांना दोन्ही डोळ्यांकडून निरोप येतात. १९६७ मध्ये होरेस बार्लो, कॉलिन ब्लेकमोर आणि जॅक पेटिग्रू यांनी मांजरांच्या मेंदूत दाखवून दिलं, की यातली प्रत्येक पेशी ठरावीक तफावतीवरच पेटते. कुणी शून्य तफावतीवर, कुणी थोड्या, कुणी जास्त. म्हणजे 'अमुक इतकं जवळ' असं सांगणारी पेशीच असते.

माझ्याकडे त्या का नाहीत, याचंही उत्तर मांजरांकडूनच आलं आहे. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी १९६५ मध्ये काही पिल्लांच्या डोळ्याचा एक स्नायू कापून त्यांना तिरळं केलं. दोन्ही डोळे उघडे, दोन्ही निरोगी, फक्त दिशा वेगळी. पिल्लं मोठी झाल्यावर पाहिलं तर मेंदूतल्या पेशी वाटल्या गेल्या होत्या. ही डाव्याची, ती उजव्याची. दोघांची अशी जवळपास कुणीच नाही. दोन डोळे सतत वेगवेगळ्या जागेबद्दल बोलत राहिले तर दोघांचं ऐकणाऱ्या पेशीला ऐकण्यासारखं काही उरत नाही, मग ती एकाची बाजू धरते. माणसाच्या बाळात ही जोडीची नजर चौथ्या महिन्याच्या आसपास उमलते, आणि पहिली काही वर्षं फार मोलाची. ह्यूबेल आणि वीझेल यांना १९८१ चं नोबेल मिळालं. त्या पिल्लांचा विचार मनात आला की मला एकाच वेळी कृतज्ञताही वाटते आणि कसंतरीही होतं.

आता माझी वही.

एका डोळ्याने खोली ओळखायच्या साध्या खुणा सगळ्यांना माहीत आहेत. पुढची वस्तू मागचीला झाकते, लांबची लहान दिसते, अंतरावर रंग फिके पडतात, सावली पडते. चित्रकार त्यावरच पोट भरतात. पण माझा खरा आधार वेगळा आहे, आणि तो मला स्वतःलाही उशिराच कळला, तोही दुसऱ्यांनी दाखवल्यावर. मी स्थिर राहत नाही. सुई ओवताना माझं डोकं डावी-उजवीकडे झुलतं. उंच फळीवरून काही काढताना मी आधी एक पाऊल बाजूला टाकते. माझ्या भाचीला माझी नक्कल करायची असली की ती कोंबडीसारखी मान हलवते आणि सगळे ओळखतात.

हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने याचं फार सुंदर वर्णन केलं आहे. दाट जंगलात निश्चल उभं राहिलं तर समोर पानांचा आणि फांद्यांचा नुसता गुंता दिसतो. कोणतं पान कोणत्या झाडाचं, कोणती फांदी पुढे, काही उमजत नाही. पण एक पाऊल चाललात की गुंता आपोआप सुटतो. जवळचं झपकन सरकतं, लांबचं संथ, आणि जी ती फांदी आपापल्या अंतरावर जाऊन बसते. गाडीच्या खिडकीतून हेच दिसतं. कडेचे खांब सुसाट मागे पळतात, शेतं सावकाश, डोंगर जेमतेम, आणि चंद्र तर हलतच नाही म्हणून बरोबर येतो. खोलीची ही दुसरी वही. दोन डोळ्यांमधल्या ६.३ सेंटिमीटरऐवजी माझं डोकं जितकं सरकेल तितका माझा पाया. फक्त तो पाया मला एका क्षणात मिळत नाही. वेळ द्यावा लागतो.

या दोन वह्या मेंदूत कुठेतरी एकत्र ठेवलेल्या असाव्यात अशी मला नुसती शंका होती. त्या तशा आहेत. माकडाच्या आणि माणसाच्या मेंदूत गतीसाठी खास प्रदेश आहे, त्याला एमटी म्हणतात. तिथली पेशी दिशा ओळखते. उजवीकडे जाणाऱ्या ठिपक्यांवर एखादी पेटते, डावीकडे जाणाऱ्यांवर दुसरी. पण त्यातल्या पुष्कळ पेशी तफावतही ओळखतात. १९९८ मध्ये डीअँजेलिस, कमिंग आणि न्यूसम यांनी याच भागात सूक्ष्म विद्युतप्रवाह सोडला आणि माकडाचा 'जवळ की लांब' हा निवाडा बदलला. पुढे २००८ मध्ये नॅडलर, अँजेलाकी आणि डीअँजेलिस यांनी दाखवलं, की एकच डोळा उघडा असताना, निव्वळ स्वतःच्या सरकण्यातून मिळणारी खोलीही या भागातल्या पेशी सांगतात. हे वाचून मला जरा आपलं माणूस भेटल्यासारखं झालं.

हा गतीचा प्रदेश दोन्ही बाजूंना निकामी झाला तर काय होतं, हे १९८३ मध्ये झील, फॉन क्रामोन आणि माय यांनी नोंदवलं. त्यांच्या रुग्ण बाईंना रंग दिसत होते, आकार दिसत होते, चेहरे ओळखू येत होते. फक्त हालचाल दिसत नव्हती. कपात चहा ओतताना धार गोठल्यासारखी वाटे आणि कप भरत आलाय हे कळत नसे. रस्त्यावरची मोटार आधी लांब असे, आणि ओलांडायला जावं तर अचानक अगदी जवळ. मधलं काही नाहीच. दोन डोळ्यांची खोली गेली तर माणूस मान हलवून निभावतो. गती गेली तर कशाने निभावणार?

दोन्ही वह्यांचा घोळ घालणारा एक प्रयोग आहे आणि तो घरी करता येतो. मी भाचीवर केला. दाराच्या चौकटीला लांब दोरा बांधून त्याला किल्ली लटकवली आणि ती डावी-उजवीकडे, एका सरळ रेषेत झुलत सोडली. भाचीला समोर बसवलं आणि गॉगल असा तिरका धरायला सांगितला की एकच काच उजव्या डोळ्यापुढे येईल. दोन्ही डोळे उघडे.

"अगं मावशी, ही गोल फिरतेय!"

"सरळ झुलतेय. मी माझ्या हाताने सोडलीय."

"नाही गं. उजवीकडे जाताना माझ्या जवळून जाते आणि परत येताना मागून येते. ये ना इकडे, तूच बघ."

मी बसले, गॉगल धरला. किल्ली सरळ रेषेत झुलत होती. मी तिला गॉगल परत दिला आणि काच डाव्या डोळ्यापुढे धर म्हटलं.

"ईऽ, आता उलटी फिरतेय!" आणि मग माझ्याकडे बघून, "तुला खरंच नाही दिसत?"

कारण साधं आहे. अंधाऱ्या काचेमागचा डोळा मेंदूला खबर किंचित उशिरा पोचवतो, सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. किल्ली तोवर पुढे गेलेली असते. म्हणजे त्याच क्षणी एक डोळा सांगतो 'किल्ली इथे', दुसरा सांगतो 'अजून तिथेच'. जागेत ही तफावत नाहीच, ती वेळेतली आहे. पण मेंदूकडे दोन डोळ्यांच्या तफावतीसाठी एकच अर्थ राखीव आहे, तो म्हणजे खोली. म्हणून उशीर झाला तर तो त्याचं अंतर करून टाकतो. उजवीकडे जाताना अंधारातला उजवा डोळा किल्लीला थोडी डावीकडे मागे ठेवतो, आणि उजव्या डोळ्याला वस्तू जास्त डावीकडे दिसणं म्हणजे ती जवळ असणं. परतताना सगळं उलट. मिळून एक लंबवर्तुळ, जे हवेत कुठेच नाही.

हे १९२२ मध्ये प्रसिद्ध केलं कार्ल पुलफ्रिख यांनी. ते जर्मनीत येना इथे झाइस कंपनीत काम करायचे आणि त्रिमितीय मापनाच्या उपकरणांचे मोठे जाणकार होते. आणि त्यांना एका डोळ्याने दिसत नव्हतं. ज्या भासाला आज जगभर पुलफ्रिखचा परिणाम म्हणतात, तो त्यांना स्वतःला बघता येणं शक्यच नव्हतं. कारणमीमांसेचं श्रेय त्यांनी फेर्ट्श या सहकाऱ्याला दिलं. भाची गोल गोल ओरडत होती तेव्हा मला पुलफ्रिख आठवत होते. न दिसणाऱ्या गोष्टीचा माणूस इतका चोख हिशेब लिहू शकतो, याचा मला हेवाही वाटला आणि धीरही आला.

हा नुसता गमतीचा भास नाही. डोळ्याच्या नसेला सूज येऊन गेलेल्या काही जणांना काचेशिवायच तो होतो, कारण एका नसेतून निरोप सावकाश जातो. समोरून आडव्या जाणाऱ्या गाड्या त्यांना भलत्याच अंतरावर भासतात. आणि २०१९ मध्ये योहानेस बर्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक उलट गोष्ट सापडली. एका डोळ्याला जवळचा आणि दुसऱ्याला लांबचा नंबर देणाऱ्या लेन्स चाळिशीनंतर पुष्कळ लोक वापरतात. यात ज्या डोळ्याला धूसर दिसतं त्याची खबर काही मिलिसेकंद लवकर पोचते. धूसर चित्र मेंदू चटकन निकालात काढतो. तपशील कमी म्हणून काम कमी, असं काहीसं.

अंगावर येणाऱ्या चेंडूत दोन्ही वह्या एकदम उघडतात. चेंडू नाकाच्या रोखाने येत असेल तर डाव्या डोळ्याला तो उजवीकडे सरकताना दिसतो आणि उजव्याला डावीकडे. विरुद्ध दिशा, सारखा वेग. डाव्या डोळ्याच्याच रोखाने येत असेल तर डाव्याला तो जागचा हलत नाही, नुसता मोठा होत जातो, आणि सरकतो फक्त उजव्याला. दोन्ही डोळ्यांना एकाच दिशेला सरकताना दिसला तर निर्धास्त राहावं, तो डोक्याच्या बाजूने जाणार. डोकं चुकवायचं की नाही हा निर्णय या दोन वेगांच्या गुणोत्तरात असतो आणि मेंदू तो पापणी लवायच्या आत घेतो.

म्हणूनच मन्सूर अली खान पतौडींची गोष्ट मला अजून पुरती पचत नाही. १ जुलै १९६१ ला इंग्लंडमध्ये मोटार अपघातात त्यांच्या उजव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते कसोटी खेळत होते आणि मार्च १९६२ मध्ये, एकविसाव्या वर्षी, कर्णधार होते. सुरुवातीला लेन्स लावून खेळताना त्यांना दोन चेंडू दिसायचे, काही इंचांच्या अंतराने; त्यातला आतला ते खेळत. मग लेन्स काढली आणि एका डोळ्यावर भागवलं. पुढे १९६४ मध्ये इंग्लंडविरुद्ध नाबाद २०३. लोक याला जिद्द म्हणतात. जिद्द होतीच. पण मला त्यात मेंदूचा हिशेबनीसही दिसतो. एक वही जळाली म्हणून दुकान बंद न करता त्याने चेंडू किती झपाट्याने मोठा होतोय यावरून तो कधी पोचणार ते काढायला घेतलं. एक फरक मात्र सांगायला हवा. पतौडींच्या मेंदूत जोडीच्या पेशी लहानपणापासून तयार होत्या आणि त्यांचं एक टोक तुटलं. माझ्याकडे डोळे दोन्ही आहेत, पेशीच नाहीत. ते काहीतरी गमावून बसले होते. माझ्याकडे गमवायला काही नव्हतं, आणि हे माझ्या मते कितीतरी सोपं आहे.

प्राण्यांमध्ये माझा जवळचा नातेवाईक शोधायचा तर मी प्रार्थनाकीटक निवडीन. कीटकांमध्ये दोन डोळ्यांची खोली पहिल्यांदा यांच्यातच सापडली, १९८३ मध्ये. पुढे न्यूकॅसल विद्यापीठात जेनी रीड, विवेक नित्यानंद आणि त्यांच्या गटाने या कीटकांना मधमाशीच्या मेणाने इवलेसे रंगीत चष्मे चिकटवले आणि चक्क थ्रीडी सिनेमा दाखवला. पडद्यावरचं भक्ष्य त्यांच्या दृष्टीने टप्प्यात आलं की कीटक झडप घालायचे. २०१८ मध्ये त्यांना कळलं की या कीटकाची पद्धत आपल्यापेक्षा निराळी आहे. तो दोन डोळ्यांची चित्रं जुळवतच नाही. चित्रात कुठे बदल होतोय एवढंच दोन्ही डोळ्यांत शोधतो आणि त्या बदलांच्या जागा जुळवतो. दोन डोळ्यांना पूर्ण वेगवेगळे ठिपके दाखवले, जिथे माणसाला काहीच कळत नाही, तिथेही हलणारी वस्तू त्याला अचूक अंतरावर सापडते. स्थिर गोष्टीत त्याला रस नाही. खोली आणि गती अशा दोन वह्या त्याने ठेवलेल्याच नाहीत. मेंदू एवढासा असला की काटकसर करावी लागते.

राहता राहिल्या सुझन बॅरी. या अमेरिकेतल्या मेंदूशास्त्रज्ञ. त्यांचेही डोळे तान्हेपणी तिरळे होते, त्यांच्याही शस्त्रक्रिया झाल्या, आणि मांजरीच्या पिल्लांचा प्रयोग कॉलेजच्या वर्गात ऐकताना आपल्याला जग वेगळं दिसतं हे त्यांना कळलं. जोडीच्या नजरेने कसं दिसत असेल याची कल्पना आपण करू शकतो, असं त्या बरीच वर्षं मानत होत्या. मग पन्नाशीच्या उंबरठ्यावर डोळ्यांचे व्यायाम सुरू केले, आणि एके दिवशी मोटारीत बसल्यावर स्टिअरिंग व्हील पुढे येऊन हवेत एकटंच उभं राहिलेलं दिसलं. नंतर बर्फ पडताना त्यांना प्रत्येक कण आपापल्या अंतरावर पडताना दिसला आणि आपण त्या पडद्याच्या बाहेर नसून मधोमध आहोत असं वाटलं. आपली कल्पना साफ अपुरी होती, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितलं आहे. ठरावीक वयानंतर काही होत नाही, या समजुतीला त्यांच्यामुळे चांगलाच तडा गेला. अर्थात सगळ्यांचं असं होत नाही. व्यायाम करूनही काहींना काहीच मिळत नाही, आणि दाबून ठेवलेला दुसरा डोळा जागा झाला पण जुळवणी झाली नाही, तर सगळं दोन दोन दिसण्याचा धोकाही असतो. म्हणून हे स्वतःच्या मनाने करू नये, हे मी भाचीलाही बजावलं आहे, तिला गरज नसताना.

मी करते आहे. लांब दोरी, तिच्यावर सरकणारे तीन रंगीत मणी. एक टोक दाराच्या कडीला, दुसरं नाकाशी. मधल्या मण्याकडे बघायचं. जोडीच्या नजरेला तिथे दोन दोऱ्या दिसतात, मण्यापाशी एकमेकींना छेदणाऱ्या, आणि पुढचा-मागचा मणी दुहेरी. मला आधी एकच दोरी दिसायची. हल्ली दुसरी अधूनमधून येते, थरथरते, मी तिच्याकडे लक्ष दिलं की जाते. खोली वगैरे अजून काही नाही. पण ती दोरी आली याचा अर्थ उजव्या डोळ्याचं म्हणणं निदान ऐकलं तरी जातंय, असं डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी मधला मणी आता आणखी जवळ घ्यायला सांगितलाय, आणि डोकं अजिबात हलवायचं नाही अशी ताकीद दिलीय. अवघड काम तेच आहे.